खारपाणातलं विरजण

धामणखेडच्या दह्यात काहीतरी कमी आहे हे पहिल्यांदा वंदनाच्या लक्षात आलं. वंदना म्हणजे ज्योत्स्ना हिंगणकरची धाकटी बहीण. तिला पूर्णा नदीच्या पलीकडे, रेलगावात दिलेली होती. मार्चमध्ये ती बहिणीकडे चार दिवस राहायला आली तेव्हा पिशवीत एक स्टीलची डबी घेऊन आली.

"हे काय वं?" ज्योत्स्नाने विचारलं.

"विरजण. तुमच्याकडचं दही पाण्यावानी लागते. भाऊजीले कढी आवडते, म्हणून आणलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योत्स्नाने पातेल्यावरचं झाकण काढलं. दही घट्ट लागलं होतं. चमचा उचलला तर त्याला बिलगून वर येत होतं, तार धरत होतं. ती बघतच राहिली.

"वंदना, हे सरकारी कपातलं विरजण आहे?"

"मग कुठलं? कप खाऊन झाला की बुडाशी चमचाभर उरतेच. रेलगावात समद्या घरी तेच लावतात."

"त्याचं विरजण लावायला मनाई आहे. कपावर छापलंय."

"कपावर छापलंय, सकाळी उपाशीपोटी खा. ते खातो आम्ही. उरलेल्या चमच्याचं काय करायचं हे बायकांना आता कपानं शिकवायचं काय?"

ज्योत्स्ना हसली नाही. धामणखेडच्या कपातला उरलेला चमचा तिनेही कधीतरी दुधाला लावून पाहिला होता. साधं दही लागलं होतं. बाजारात मिळतं तसं. दोन्ही गावांत कप एकाच गाडीतून उतरत होते, दिसायला अगदी सारखे होते. आत मात्र एकच नव्हतं.

असं का, हे गावात सगळ्यांत चांगलं तिलाच माहीत होतं. कारण तीन वर्षांपूर्वी ते तिनेच गावाला समजावून सांगितलं होतं.

देशात दीर्घव्याधींविरुद्धची मोठी मोहीम तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार. कितीही दवाखाने बांधले तरी पुरत नव्हते. म्हणून राष्ट्रीय दीर्घव्याधी परिषदेने ठरवलं की आजार होण्याची वाट पाहायचीच नाही. ज्या मुलखात जो आजार जास्त, तिथे तो रोखण्याचा प्रयोग करायचा. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा मूत्रपिंडासाठी निवडला गेला. इथे विहीर खोदली की पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते पाणी प्यालेल्या माणसांची मूत्रपिंडं चाळिशीतच आक्रसायला लागत. साखर नाही, रक्तदाब नाही, तरीही.

बाळापूरच्या डॉ. तस्नीम देशमुख यांनी नागपूरच्या प्रयोगशाळेत यावर एक जिवाणू तयार केला. मूळचा तो दह्यातलाच. आपण खातो त्या अन्नापासून मोठ्या आतड्यात काही विषारी द्रव्यं तयार होतात. ती रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडाला ती सतत गाळत बसावी लागतात. निरोगी मूत्रपिंडाला त्याचं काही वाटत नाही. दुखावलेलं त्याच ओझ्याखाली मोडतं. तस्नीमने त्या जिवाणूला या विषांचा कच्चा माल आतड्यातच खाऊन टाकायला शिकवलं. ओझं कमी झालं की मूत्रपिंड टिकेल, असा तिचा हिशेब होता.

बदललेला जीव मोकाट सुटू नये म्हणून तिने त्याला कुलूपही घातलं होतं. जगायला लागणारं, पण दुधात न मिळणारं एक अमिनो आम्ल बनवण्याची ताकद तिने त्याच्यातून काढून घेतली. ते आम्ल फक्त कपात मिसळलेलं असे. कप संपला की जिवाणू उपाशी मरायचा.

चाळीस गावं निवडली गेली. निम्म्या गावांना रोज कपातून हे दही, निम्म्यांना तशाच कपातून साधं. कोणत्या गावाला कोणतं ते संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. गावालाही माहीत नाही, तस्नीमलाही नाही. पाच वर्षांनी आकडे उघडायचे. ज्योत्स्ना गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून परिषदेने तिला गावाची प्रतिनिधी नेमलं. ग्रामसभेत उभी राहून ती म्हणाली होती, "आपल्या वाट्याला साधं दही येऊ शकतं. तरीही घ्यायचं. तुलना केल्याशिवाय खरं-खोटं कळत नाही." सगळ्यांत आधी सही केली ती अंगणवाडीतल्या इंदू खंडारेने. "ताई म्हणतात तर करू," एवढंच ती म्हणाली होती.

आता ज्योत्स्नाने वंदनाला विचारलं, "रेलगावात डायलिसिसला कोण कोण जातं?"

वंदनाने आठवून पाहिलं. "पहिले जात होते ते जातात. नवं कोणी नाही गेलं, दोन वर्षांत."

धामणखेडमधून दर महिन्याला कुणी ना कुणी नव्याने अकोल्याच्या गाडीत बसत होतं. इंदूचे पाय सुजायला लागले होते. आणि ज्योत्स्नाचा नवरा विलास, गावातल्या पंपांच्या मोटारी बांधणारा, दोन मोटारींनंतर बाजेवर आडवा व्हायला लागला होता.

ज्योत्स्नाने ते दह्याचं पातेलं उचललं आणि गाईच्या आंबोणात ओतलं. विलास दारातून बघत होता.

"हे काय केलं?"

"ते आपलं नाही. आपण साध्या दह्याच्या गावात आहो. ते खाल्लं तर तपासणीचे आकडे खोटे होतील."

"माह्ये आकडे तर खरे हायेत ना? पाऊण काम गेलं किडनीचं, असं सांगतलं डॉक्टरनं. ते तर खोटं नाही."

"मी शब्द दिलाय, अहो."

"कोणाले?" विलास म्हणाला. "मले तर नाही दिला."

तिने रिकामं पातेलं धुऊन ठेवलं. तिने परिषदेला फोन केला. आमचं गाव साध्या दह्याचं आहे आणि पलीकडे फरक दिसतोय, कृपा करून आकडे आताच बघा, असं सांगितलं. पलीकडून एका शांत आवाजाने ऐकवलं की सहभागी गावांनी असे तर्क करू नयेत, प्रयोग ठरल्या वेळी पूर्ण होईल. महिन्याभराने तिने पुन्हा फोन केला. आवाज दुसरा होता, उत्तर तेच.

वंदना दर भेटीत डबी आणत राहिली. ज्योत्स्ना ती तशीच परत पाठवत राहिली. शेवटी वंदनाने येणंच बंद केलं. "तुह्या घरी मी माणूस मरताना पाहायला येऊ काय?" ती फोनवर म्हणाली. विलासही बायकोशी कामापुरतंच बोलायला लागला. आणि ज्योत्स्ना वर्गात मुलांना तुलनात्मक प्रयोग शिकवताना मध्येच थांबायची. फळ्यावर दोन कुंड्या काढलेल्या असायच्या, एकीला खत, एकीला नाही. कुंड्यांच्या चित्रापुढे तिचा हात चालायचा नाही.

ऑगस्टमध्ये इंदूला अकोल्याला नेलं. ज्योत्स्ना भेटायला गेली. इंदूचा चेहरा सुजून ओळखू न येण्यासारखा झाला होता, आवाज मात्र तोच होता.

"ताई, आपलं दही कोणतं होतं? खरं का साधं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "साधं."

"तुमाले कधी समजलं?"

"मार्चमध्ये."

इंदू रागावली नाही. रागावली असती तर ज्योत्स्नाला बरं वाटलं असतं.

"मंग लोकाले काहून नाही सांगतलं अजून?" इंदू म्हणाली. "सही तं आम्ही केली होती. सोडायची का ठेवायची, ते बी आम्हीच ठरवलं असतं."

आठवड्याभराने इंदू गेली. अंगणवाडीतली लेकरं तिच्या अंगणात जमली होती. त्यांना घरी जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

इंदूचे दिवस झाल्यावर ज्योत्स्ना नदी ओलांडून रेलगावात गेली. वंदनाच्या स्वयंपाकघरात उभं राहून तिने दुधाची मोठी बरणी पुढे केली. "भरून दे," ती म्हणाली. वंदनाने घरातलं सगळं दही तिच्यात ओतलं. तिने शेजारच्या तीन घरांतूनही दही मागून आणलं आणि बरणी काठोकाठ भरली.

तिथूनच ज्योत्स्नाने तस्नीमला फोन लावला. "डॉक्टर, उद्या सकाळी मी धामणखेडमध्ये तुमच्या खऱ्या दह्याचं विरजण वाटणार आहे. चोरून नाही. कोणत्या घरानं घेतलं, कोणत्या नाही, सगळं तुम्हाला सांगेन."

"विरजण?" तस्नीमचा आवाज चढला. "त्याचं विरजण लागूच शकत नाही. ज्योत्स्नाताई, थांबा. मी येते आहे."

"जरूर या. पण मी थांबणार नाही."

सकाळी शाळेच्या व्हरांड्यात बायका भांडी घेऊन आल्या, पुरुष कुंपणाशी उभे राहिले. ज्योत्स्नाने आधी सगळं सांगितलं. आपलं दही साधं आहे. मला पाच महिन्यांपासून माहीत होतं. हे दही घेतलं तर आपलं गाव प्रयोगातून बाद होईल. दह्यातला जीव माणसाने बदललेला आहे, पुढे काय होईल ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. "ज्यानं त्यानं ठरवा," ती म्हणाली. काहीजण परत गेले. इंदूच्या सासूने पहिली वाटी पुढे केली.

विलास सगळ्यांत शेवटी आला. हातात भांडं नव्हतं.

"इंदूसाठी आणलं," तो म्हणाला. "माह्यासाठी नाही आणलं."

"एकट्या तुमच्यासाठी आणलं असतं तर लपवावं लागलं असतं. मग गावाला कधीच सांगता आलं नसतं."

"तोपर्यंत माह्यं काय?"

बरणीत उरलेलं दही तिने त्याच्यापुढे धरलं. त्याने ते घेतलं, तिथेच उभ्याने खाल्लं, आणि तिच्याकडे न बघता निघून गेला.

तस्नीम दुपारी पोचली. पन्नाशीची, सडपातळ, सुती ओढणी घामाने भिजलेली. तिने एका घरातलं दही जिवाणू ओळखणाऱ्या तळहाताएवढ्या यंत्रात घातलं. पडद्यावर आकृत्या उमटल्या तशी तिने दुसऱ्या घरातलं दही घालून पाहिलं.

"हा जिवंत आहे," ती म्हणाली. "हा जगायला नको होता."

मग ती ज्योत्स्नावर भडकली. "तुम्ही विज्ञान शिकवता. हे दही उपयोगी आहे हे सिद्ध झालं तर ते देशभर जाईल. ओडिशात, आंध्रात, जिथे जिथे अशी मूत्रपिंडं मरताहेत तिथे. तुमच्या एका गावासाठी तुम्ही त्या सगळ्यांचा पुरावा मोडलात."

"मोडला नाही. कालपर्यंत गाव साधं होतं, आजपासून नाही. तारीख तुम्हाला ठाऊक आहे, घरं तुम्हाला ठाऊक आहेत. आधीचं आणि नंतरचं ताडून बघा. तोही पुरावाच आहे."

"आणि याचा काही वाईट परिणाम झाला तर?"

"तर आम्हाला सांगा, आम्ही फेकू. पण त्यासाठी तुम्हाला आमच्याकडे बघत राहावं लागेल. दोनदा फोन केला, डॉक्टर. कुणी बघितलं नाही."

"तो फोन माझ्यापर्यंत आलाच नाही," तस्नीम हळूच म्हणाली.

तीन आठवड्यांनी ती परत आली ती परिषदेची गाडी आणि चार माणसं घेऊन. घराघरांतलं विरजण गोळा करून उकळून टाकायचा हुकूम होता. पण गाडी शाळेपाशी थांबवून तिने आधी बायकांना एकत्र बोलावलं.

"तुमचं विरजण कसं जगलं ते मला सापडलंय," ती म्हणाली. "प्रयोगशाळेत मी त्याला एकटं ठेवून तपासलं होतं. एकटा तो मरतो. पण तुमच्या भांड्यांत घरच्या दह्याचे जुने जिवाणू होते. याला जगायला लागणारं आम्ल ते आपल्यापुरतं बनवतात, थोडं बाहेर सांडतं. माझा जिवाणू त्या सांडलेल्यावर जगतो. मी घातलेलं कुलूप शेजाऱ्यांनी उघडलं."

बायकांत खसखस पिकली. तस्नीम हसली नाही, पण थोडी सैल झाली. "मला याची भीती वाटते, खरं सांगते. हे माझ्या हातात राहिलेलं नाही. म्हणून हुकूम निघालाय."

परिषदेचा माणूस पिंप घेऊन पुढे झाला. इंदूची सासू त्याच्या वाटेत उभी राहिली. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी.

"माह्या सुनेले साधं दही खाऊ घातलं तुम्ही," ती म्हातारी म्हणाली. "आता हे नातवाच्या ताटातलं बी नेता काय? हात लावून पाहा."

कुणी आरडाओरडा केला नाही. पण माणूस पुढे सरकला की रांगही सरकायची. ज्योत्स्ना त्या रांगेतच उभी होती. "दर महिन्याला प्रत्येक घरातून नमुना घ्या," ती म्हणाली. "रक्त घ्या, काय तपासायचं ते तपासा. आम्ही पळत नाही. पण फेकायला सांगू नका."

तस्नीमने रांगेकडे पाहिलं, मग पिंपाकडे. "गाडी वळवा," ती त्या माणसांना म्हणाली.

"मॅडम, हुकूम..."

"हुकमाचं मी बघते. नमुन्याच्या बाटल्या तेवढ्या काढा."

नोव्हेंबरात नागपूरला सुनावणी झाली. लांबलचक टेबलाच्या टोकाला परिषदेचे अध्यक्ष डॉ. कर्णिक बसले होते. ते मृदू बोलायचे. राष्ट्रीय प्रयोगात जाणूनबुजून अडथळा आणला म्हणून ज्योत्स्नावर कारवाई सुरू झाली होती आणि शाळेतून तिला निलंबित केलं गेलं होतं. विलास तोवर डायलिसिसवर गेला होता. जिवाणू मूत्रपिंड टिकवतो, गेलेलं परत आणत नाही. त्याच्या बाबतीत उशीर झाला होता.

कर्णिकांनी प्रयोगाची शिस्त समजावून सांगितली. ज्योत्स्ना ऐकून घेत होती, कारण त्यात चुकीचं काही नव्हतं. मग तिने विचारलं, "सर, अशा प्रयोगात मध्येच आकडे बघणारी वेगळी समिती असते ना? फरक फार मोठा दिसला तर प्रयोग थांबवायचा असतो. त्यांनी बघितले का?"

"समितीचं कामकाज गोपनीय असतं."

"बघितले का, एवढंच विचारते."

तेव्हा तस्नीम उठली. "मलाही हेच विचारायचंय," ती म्हणाली. "मी हा जिवाणू बनवला. मला आकडे दिसू नयेत हे बरोबर आहे. पण समितीनं काय ठरवलं ते कळण्याचा मला अधिकार आहे. उत्तर मिळणार नसेल तर प्रयोगावरचं माझं नाव मी आत्ता काढून घेते, आणि का काढलं ते बाहेर जाऊन सांगते."

कर्णिकांनी शेजारच्या बाईंशी कुजबुज केली. त्या समितीच्या सदस्य निघाल्या. बाई टेबलाकडे बघत बोलल्या. गेल्याच वर्षी फरक दिसला होता. मूत्रपिंड खचण्याचा वेग खऱ्या दह्याच्या गावांत निम्म्याहून कमी होता. थांबवण्याची शिफारस झाली होती. पण पूर्ण पाच वर्षांचा निकाल जगात जास्त वजनदार ठरेल, म्हणून परिषदेने निर्णय पुढे ढकलला.

"गेल्या वर्षी कधी?" ज्योत्स्नाने विचारलं.

"दिवाळीच्या सुमारास."

तेव्हा इंदू अंगणवाडीत लेकरांबरोबर फुगडी घालत होती. विलास दिवसाला चार मोटारी बांधत होता. ज्योत्स्नाने टेबलाची कड घट्ट धरली. तिला रडायचं नव्हतं, आणि ती रडली नाही.

त्या आठवड्यातच प्रयोग थांबला. साध्या दह्याच्या सगळ्या गावांना खरे कप सुरू झाले. धामणखेडच्या तारखेआधीचे आणि नंतरचे आकडे तस्नीमने वेगळे काढून अभ्यासायला घेतले. कर्णिकांनी ज्योत्स्नाला एकटीला बोलावलं.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "आपण केलं त्याचा खेद वाटतो, एवढं एक वाक्य लिहून द्या. कारवाई मागे घेतो. शाळाही परत मिळेल."

"खेद तुमच्यापैकी कुणी लिहून दिला का, सर?"

त्यांनी कोरा कागद तिच्याकडे सरकवला.

"मग माझ्याकडूनच का?" ती उठली. "शाळेचं बघते मी. मुलं माझ्या अंगणातही बसतात."

ती बाहेर आली तेव्हा जिन्यापाशी विलास बसला होता. त्या दिवशी त्याची डायलिसिसची पाळी नव्हती, म्हणून तो हट्टाने सोबत आला होता. तिने काय झालं ते सांगितलं.

"लिहून देलं असतं तं पगार सुरू झाला असता," तो म्हणाला.

"हो."

"नाही देलं ते बरं केलं." बऱ्याच महिन्यांनी त्याने तिचा हात धरला आणि जिना उतरायला लागला, सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबत.

परिषदेचा नवा नियम आला की घरचं विरजण प्रयोगाबाहेरच्या गावांना देऊ नये, दिल्यास गुन्हा. नियम आला त्याच पंधरवड्यात एक बाई ज्योत्स्नाच्या दारात उभी राहिली. लांबून आली होती. तिचं गाव कोणत्याही यादीत नव्हतं, तिथे कपांची गाडी जात नव्हती. पाणी मात्र हेच होतं. तिने पदराखालून झाकणाचा डबा काढला आणि इकडेतिकडे बघत हलक्या आवाजात विचारलं, "बाई, थोडं भेटन काय?"

ज्योत्स्नाने तिला आत बोलावलं, पाणी दिलं, या जिवाणूचं काय माहीत आहे आणि काय माहीत नाही ते सगळं समजावलं. दर महिन्याला नमुना द्यावा लागेल हेही सांगितलं. विलास तस्नीमला फोन लावून त्या गावाचं नाव सांगत होता. मग ज्योत्स्नाने डबा भरला. बाई तो पुन्हा पदराखाली लपवायला लागली.

"लपवू नका," ज्योत्स्ना म्हणाली. "हातात धरून न्या. आणि कुठून आणलं असं कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. ज्योत्स्ना विलास हिंगणकर, धामणखेड. पूर्ण सांगा."